कंबर कसलेली, दिवा पेटलेला: प्रभू येईपर्यंतचं आपलं काम

आजचं वाचन: लूक १२:३५–४८, मत्तय २४:४५ ते २५:३०, याकोब ५:७–८
(आधी हे उतारे तुमच्या बायबलमध्ये स्वतः वाचा, मग पुढे या.)



प्रियांनो, गेल्या काही आठवड्यांत युथ ग्रुपमधल्या मुलामुलींकडून दोन प्रकारचे प्रश्न आले. पहिला असा: "ताई, अमुक तारखेला प्रभू येणार असा व्हिडिओ फिरतोय. इतकं जवळ आलं असेल तर पुढचं शिक्षण, लग्न, घराचे हप्ते यांचा विचार करायचा की नाही?" दुसरा प्रश्न एका मुलीने जरा घाबरतच विचारला: "दोन हजार वर्षं झाली. अजून किती वाट पाहायची? आपण उगाच तर थांबलेलो नाही ना?"

एकाला वाटतं प्रभू उद्याच येईल, दुसरीला वाटतं तो येतच नाही. पण प्रश्नाच्या तळाशी दोघांची अडचण एकच आहे: आज सकाळी उठून मी काय करू? आजच्या मननात आपण तेवढंच शोधणार आहोत.

१. खोटं पत्र तेव्हाही फिरत होतं

आपल्याला वाटतं की अफवा व्हॉट्सअॅपमुळे आल्या. २ थेस्सलनीकाकरांस २:२ वाचा. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी बातमी त्या मंडळीत पसरली होती, आणि ती पौलाच्या नावाच्या पत्रातून आल्यासारखी होती! म्हणून पत्राच्या शेवटी (३:१७) पौल मुद्दाम सांगतो की हा सलाम मी माझ्या हाताने लिहितो आहे, हीच माझ्या पत्रांची खूण. म्हणजे पहिल्या शतकातसुद्धा 'फॉरवर्ड' तपासून घ्यावा लागत होता.

आणि त्याच मंडळीत काही जणांनी कामधंदा सोडला होता. अध्याय ३ मध्ये पौल त्यांना चांगलाच खडसावतो. ते स्वतः काम करत नव्हते आणि दुसऱ्यांच्या कामात मात्र लुडबुड करत होते. पौलाचं औषध साधं आहे: शांतपणे काम करा, स्वतःची भाकर खा, आणि बरं करताना थकू नका. लक्षात घ्या, तो त्यांना प्रभूच्या येण्याची आशा सोडायला सांगत नाही. आशा कायम ठेवून कामावर परत जायला सांगतो.

पुढच्या इतिहासातही हेच घडलं. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहत बसले. काहींनी शेतातली उभी पिकंसुद्धा काढली नाहीत. तो दिवस उजाडला, मावळला आणि दुसरी सकाळ नेहमीसारखीच आली. ती माणसं ढोंगी नव्हती. प्रभूवर त्यांचं प्रेम होतं, म्हणून तर त्यांचं मन इतकं मोडलं. पण जो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे (मार्क १३:३२), तो कॅलेंडरवर मांडायला गेलं की प्रेम करणाऱ्यांचीही फसगत होते.

२. दोन दाखले, दोन उलटे अंदाज

आता मत्तय २४ आणि २५ शेजारी शेजारी ठेवून वाचा. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते.

मत्तय २४:४८ मधला वाईट दास मनात म्हणतो की धन्याला यायला उशीर आहे. म्हणून तो सोबतच्या दासांना मारतो, दारूबाजांबरोबर खातोपितो. आणि धनी त्याच्या अपेक्षेपेक्षा लवकर येतो.

लगेच पुढे २५:५ मध्ये मूर्ख कुमारींचं नेमकं उलटं होतं. वर आत्ताच येईल असं धरून त्या दिव्यात होतं तेवढ्याच तेलावर निघाल्या. आणि वर त्यांच्या अपेक्षेपेक्षा उशिरा येतो.

बघा, एकाचा अंदाज 'उशिरा'चा होता, तो फसला. दुसऱ्यांचा अंदाज 'लवकर'चा होता, त्याही फसल्या. प्रभूने हे दोन दाखले पाठोपाठ सांगितले, यातच आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. तयारी अंदाजावर उभी करायचीच नाही. धनी आज रात्री आला तरी चालेल आणि पन्नास वर्षांनी आला तरी चालेल, असं आयुष्य जगणं म्हणजे तयार असणं. त्यामुळे शिक्षण घ्या, लग्न करा, हप्ते वेळेवर भरा. फक्त यातलं कुठलंही काम असं करू नका की धनी दारात आल्यावर ते लपवावं लागेल.

३. दहाही जणी झोपल्या

"जागे राहा" हे शब्द ऐकून काही जण फार घाबरतात. मी थकले, माझी प्रार्थना कमी झाली, आता प्रभू आला तर माझं काय? विशेषतः रात्रपाळी करून रविवारी उपासनेत डुलक्या घेणाऱ्यांना हा प्रश्न छळतो.

२५:५ पुन्हा वाचा. डुलक्या सर्वांनाच लागल्या आणि सर्वच झोपल्या, शहाण्यासुद्धा! आणि वराने त्यांना झोपेबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. फरक तेलाचा होता, आणि तेल तर झोपेच्या आधीच भरून ठेवलेलं होतं. मध्यरात्री हाक आली तेव्हा शहाण्यांनी नवीन काही केलं नाही. होतं ते वापरलं.

तेल म्हणजे काय, यावर शिक्षकांची वेगवेगळी मतं आहेत. कोणी पवित्र आत्मा म्हणतात, कोणी विश्वास, कोणी विश्वासातून आलेली कृत्ये. दाखल्यातून एवढं मात्र स्पष्ट दिसतं की ते ऐनवेळी उसनं मिळत नाही. आईची प्रार्थना, पाळकांचा उपदेश, वर्शिप टीमचं गाणं यांची मोठी मदत होते, पण त्यांच्या कुपीतलं तेल तुमच्या दिव्यात ओतता येत नाही. ते तुम्हाला रोज थोडं थोडं प्रभूजवळ बसूनच भरून घ्यावं लागतं.

४. याकोबाचा शेतकरी आणि सांगोल्याची डाळिंब बाग

याकोब ५:७ मध्ये प्रभूच्या येण्याची वाट कशी पाहावी, हे सांगायला एकच उदाहरण दिलंय: शेतकरी. तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. मी मूळची सांगोल्याची असल्यामुळे हे वचन वाचताना डोळ्यांसमोर गालील येत नाही, आमचाच तालुका येतो.

सांगोला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. माण नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं असतं. पावसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि याच कोरड्या रानात डाळिंब उभं राहिलं.

डाळिंबाला 'बहार धरतात'. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार यांपैकी एक निवडायचा आणि त्याआधी बागेला 'ताण' द्यायचा, म्हणजे महिना-दीड महिना किंवा त्याहून जास्त पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला वाटेल की बाग वाळली, मालकाने सोडून दिली. पण या काळात मालक घरी बसलेला नसतो. तो छाटणी करतो, रोगट फांद्या काढून बागेबाहेर नेऊन जाळतो, बोर्डोची फवारणी करतो, बुडाशी शेणखत भरतो, ठिबकच्या नळ्या तपासतो. मग पहिलं पाणी सुटतं. काही दिवसांत लाल कळी दिसायला लागते. आणि तरीही फळ हातात यायला पुढे पाच-सहा महिने जातात. मध्येच तेल्या आला तर डोळ्यांदेखत बाग जाते, म्हणून रोज सकाळी झाडाझाडाजवळ जाऊन पाहावं लागतं.

याकोब याच धीराबद्दल बोलतोय असं मला वाटतं. शेतकऱ्याच्या वाट पाहण्यात हात रिकामे नसतात. पाऊस त्याच्या हातात नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि शेततळ्याचा कागद कुठे फाटलाय का हे पाहणं आपल्याच हातात आहे हेही माहीत असतं. पाऊस पडायला लागल्यावर कोणी शेततळं खणायला घेत नाही.

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालीमारला निघाली. बातमीत हिरवा झेंडा दिसला. झेंड्यामागे काय होतं? बहार धरणं, महिनोन्‌महिने राखण, तोडणी, प्रतवारी, भरलेले क्रेट. गाडी फलाटावर लागल्यावर कात्री घेऊन बागेकडे पळणाऱ्याचा माल त्या गाडीत चढत नाही. आणि रेल्वेला निदान वेळापत्रक तरी असतं. आपल्या प्रभूने ते दिलेलं नाही.

तुमच्यापैकी काही जण आज 'ताणा'त आहेत. नोकरी नाही, किंवा आहे पण मनासारखी नाही. प्रार्थनेला उत्तर येत नाही. मंडळीत सेवा करता, पण कोणी दखल घेत नाही. पानं गळलेली दिसतात. अशा वेळी बाग सोडून जाऊ नका. माळ्याने पाणी तोडलं म्हणजे त्याने झाड टाकून दिलं, असं होत नाही.

५. एक तालांत म्हणजे किती?

"मला कुठे काही येतं, ताई? मी काय सेवा करणार?" हेही नेहमी ऐकते. म्हणून जरा हिशेब करू.

एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. मत्तय २०:२ प्रमाणे एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ आणि सण सोडून वर्षाचे ३०० दिवस काम धरलं, तर एक तालांत म्हणजे २० वर्षांची कमाई. आज समजा रोजची मजुरी ४०० रुपये धरली, तर २४ लाख रुपये! ज्याला 'फक्त एक' मिळाला त्याच्या हातात धन्याने एवढा विश्वास ठेवला होता. त्याला कमी मिळालं असं आपण म्हणतो, दाखला तसं म्हणत नाही.

आणखी एक. पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मिळालेली शाबासकी (वचन २१ आणि २३) शब्दाला शब्द सारखीच आहे. धन्याने पाच कमावले की दोन, याची तुलना केली नाही. दोघांनाही 'विश्वासू' म्हटलं. स्टेजवर गाणारा आणि उपासनेनंतर सतरंज्या गोळा करणारा यांच्यासाठी एकच शब्द ठेवलेला आहे. आणि तिसरा दास कशामुळे बुडाला? धनी कठोर आहे असं त्याने मनात धरलं. धन्याविषयीची भीती त्याच्या हातांना खड्डा खणायला घेऊन गेली. प्रभूविषयी मनात कसलं चित्र आहे, यावर आपली सेवा ठरते.

६. केडगावची विश्वासू दासी

सांगोल्याकडून कुर्डुवाडीमार्गे पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं. पुढच्या वेळी मोबाइलमधून मान वर काढून बाहेर बघा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुण वयातच १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. भूक म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पुढे १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही आल्या.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं आत्मिक संजीवन झालं, ते आपण नेहमी ऐकतो. रात्र रात्र प्रार्थना, पश्चात्ताप, अश्रू. पण त्याच मुक्तीत दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो तोंडांसाठी स्वयंपाक होत होता, माग चालत होते, शाळा भरत होती, शेतात काम होत होतं. लूक १२:४२ मधला विश्वासू कारभारी कोण? जो धन्याच्या घरच्यांना वेळेवर शिधा देतो. प्रभूने 'जागे राहा' या शिकवणीच्या मधोमध जेवण वाढण्याचं काम ठेवलंय! मुक्तीत प्रार्थनेची खोली आणि मुदपाकखाना एकाच आवारात होते.

आणि याच धकाधकीत रमाबाईंनी बायबल मराठीत आणायला घेतलं. त्या संस्कृतच्या पंडिता. भारदस्त भाषा लिहिणं त्यांना सहज जमलं असतं. पण त्यांना खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल असं बायबल हवं होतं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुली-बायकांच्या हातांनी. नवा करार आधी आला. जुन्या कराराचं काम वर्षानुवर्षं चालू राहिलं.

जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामात तिचा मोठा हातभार होता, पुढे सगळं तीच सांभाळेल असं सगळ्यांना वाटत होतं. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

म्हणजे ज्या पुस्तकासाठी इतकी वर्षं घातली, ते बांधून तयार झालेलं त्यांनी हातात धरलं नाही. पण धनी त्यांच्याकडे आला तेव्हा त्या कामातच होत्या. लूक १२:४३ मध्ये ज्याला धन्य म्हटलंय तो हाच दास: धनी येईल तेव्हा जो तसं करत असताना आढळेल. तिथे काम 'संपवून बसलेला' असं म्हटलेलं नाही. आपल्यातल्या डेडलाइनच्या ओझ्याखाली दबलेल्यांनी हे नीट ऐकावं. प्रभू तुमच्याकडे पूर्ण झालेलं प्रोजेक्ट मागत नाही. विश्वासूपणा मागतो.

७. वाट पाहता पाहता जे गेले

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. वाट पाहणं वाया गेलं तर?

माझी आजी रोज संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना करायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, "प्रभू, लवकर ये." प्रार्थना झाली की उठून चुलीकडे जायची. उन्हातान्हात दारावरून जाणाऱ्या कोणालाही, आषाढात पंढरपूरकडे निघालेल्या वारकऱ्यांनाही, ती पाणी दिल्याशिवाय सोडत नसे. ती गेली. प्रभू तिच्या हयातीत आला नाही. तिच्या मातीहून परतताना नात्यातल्या एकाने हळूच म्हटलं, "जन्मभर वाट पाहिली, काय मिळालं?"

थेस्सलनीकाच्या मंडळीचं दुःख हेच होतं. प्रभू येण्याआधीच आपली माणसं मेली, आता त्यांचं काय? १ थेस्सलनीकाकरांस ४:१३–१८ पौलाने याच अश्रूंसाठी लिहिलं. तो त्यांना रडू नका म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडू नका म्हणतो. आणि मग सांगतो की प्रभू येईल तेव्हा जे त्याच्यामध्ये निजले आहेत ते आधी उठतील. मागे राहिलेले आपण, पुढे ते. वाट पाहता पाहता गेलेल्यांची रांग चुकलेली नाही. ते रांगेत आपल्यापुढे आहेत.

आणि उशीर का होतोय? २ पेत्र ३:९ म्हणतं की हा उशीर नाही, हा धीर आहे. कोणाचा नाश होऊ नये, सर्वांनी पश्चात्ताप करावा म्हणून प्रभू थांबलाय. तुमच्या ऑफिसातला जो मित्र अजून प्रभूला ओळखत नाही, त्याच्यासाठी आजचा दिवस वाढवून मिळालाय. खरं सांगायचं तर प्रभू १८४४ मध्ये आला असता, तर तुम्ही आणि मी जन्मलोच नसतो!

८. धनी स्वतः कंबर कसतो

शेवटी लूक १२:३५ आणि ३७. 'कंबर बांधलेली' म्हणजे काय हे आपल्याकडच्या बायकांना लगेच कळतं: पदर खोचणे. त्या काळी अंगरखे लांब असत, ते वर खोचल्याशिवाय काम होत नसे. मिसरातून निघण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी वल्हांडणाचं जेवण असंच कंबर बांधून खाल्लं (निर्गम १२:११).

पण ३७ व्या वचनात दाखला उलटतो. थकलेला धनी रात्री घरी आलाय. जागे असलेले दास त्याला वाढतील असं आपल्याला वाटतं. प्रभू म्हणतो, धनी स्वतः कंबर कसेल, दासांना जेवायला बसवील आणि त्यांना वाढील! कुठल्या घरात असं होतं? पण आपल्या प्रभूने हे एकदा करून दाखवलंय. योहान १३ मध्ये रुमाल कमरेला गुंडाळून त्याने शिष्यांचे पाय धुतले.

म्हणून ज्याची वाट पाहतोय तो कोण आहे, हे विसरू नका. सीसीटीव्ही तपासायला येणारा साहेब म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर सेवा भीतीची होते, आणि भीतीची सेवा फार दिवस टिकत नाही. तो आपल्याला पंगतीला बसवायला येतोय.

आजसाठी

१. तारखेचा कुठलाही मेसेज किंवा रील पुढे पाठवण्याआधी मार्क १३:३२ वाचा. मग बहुधा पाठवावंसं वाटणार नाही.

२. रोज १५ मिनिटं वचन आणि प्रार्थनेसाठी ठरवा, नोटिफिकेशन बंद करून. तेल असंच भरलं जातं.

३. 'वेळेवर शिधा' कोणाला द्यायचाय? एक नाव लिहा: गावाकडे एकटी असलेली आजी, आजारी रूममेट, परीक्षेत अडकलेला धाकटा भाऊ. आजच फोन करा किंवा जाऊन या.

४. अर्धवट सोडलेलं एक काम निवडा आणि या आठवड्यात त्यातलं थोडं पुढे न्या. माफी मागायची राहिली असेल, तर तेही कामच आहे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू येशील हे आम्हाला ठाऊक आहे, कधी येशील ते ठाऊक नाही, आणि तेवढं आम्हाला पुरे आहे. तुझ्या उशिरात तुझी दया पाहायला आम्हाला शिकव. जे आज ताणात आहेत त्यांना धरून ठेव. आमच्या हाती जे सोपवलंस ते पुरून ठेवण्याची भीती काढून टाक. आमच्या घरात, ऑफिसात, मंडळीत तुझ्या माणसांना वेळेवर वाढणारे दास आम्हाला कर. वाट पाहत तुझ्याकडे गेलेल्यांबद्दल तुझे आभार. आम्हालाही कामात असतानाच गाठ. आमेन.

मारानाथा! उद्या मत्तय २५:३१–४६ वाचू. तिथल्या नीतिमानांना आपण कोणाची सेवा केली हे ठाऊकच नव्हतं. का बरं? आज रात्री यावर थोडा विचार करून ठेवा.